वाटसरूचा विसावा

मुंबई-आग्रा मार्गाचे वर्णन करताना आपण घाट आणि पूल सांगतो. त्यावर रात्री जागणारा मालट्रकचा चालक मात्र विसरतो. कसारा घाट, नाशिक, धुळे, सेंधव्यानजीकचा बिजासन घाट, खलघाटाला नर्मदा, मग इंदूर, ग्वाल्हेर आणि चंबळ ओलांडून आग्रा, ही त्याची वाट. बिजासनी मातेपाशी तो नारळ वाढवितो, क्लीनर टायर ठोकून पाहतो. पुढे ढाब्यावरील खाटेवर घटकाभर पाठ टेकते.

याच माळव्याच्या अहिल्याबाई होळकरांनी (१७२५-१७९५) वाटसरूंसाठी विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकास सामान्यतः दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यसीमांवरील विक्रीकराचे नाकेही उठले. तरीही माल वेळेवर पोहोचविण्याच्या घाईत प्रथम कात्री लागते ती त्याच्या झोपेलाच.

आमच्या देवळांत नैवेद्याला लागणारे धान्यही अशाच जागरणांतून येते. मार्गालगतच्या देवस्थानांनी या वाटसरूस निजण्यापुरती ओवरी आणि तांब्याभर पाणी दिले, तर अहिल्याबाईंचे व्रत पुढे चालविल्यासारखे होईल, असे आम्हांस वाटते.