नाण्यांचा छंद आणि पदरचे पैसे

जुन्या नाण्यांच्या संग्रहाविषयीं बोलणें निघालें कीं गृहस्थ जो पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा इतिहासाचा नसतो, हिशेबाचा असतो. या छंदांत पैसे किती घालावे? प्रश्न व्यवहारी आहे, त्याला व्यवहारीच उत्तर दिलें पाहिजे. पण त्या उत्तराची वाट नाशिकवरून जाते, म्हणून आधीं तिकडे जाऊं.

सन १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत गोदावरीकांठच्या जोगळटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. मोजतां नाणीं सुमारें १३,२५० भरलीं. मूळचीं तीं सारीं क्षहरात वंशांतील नहपान या क्षत्रपाचीं. एका बाजूस राजाचा चेहरा व भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत राजाचें नांव. परंतु यांपैकीं ९,२७० नाण्यांवर आणखी एक ठसा मारलेला होता. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचीं नाणीं वितळविलीं नाहींत. त्यांच्यावरच आपलें चैत्याचें चिन्ह आणि आपलें नांव ठोकलें. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाच्या चेहऱ्याचा भाग अजून डोकावतो. रेव्हरंड स्कॉट यांनीं या सांठ्याचा बारकाईनें अभ्यास करून तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या पुत्रानें क्षहरातांचा निःपात केला असें ती त्यांत सांगते. आईनें केलेली मुलाची स्तुति, शिवाय प्रशस्तीची भाषा. कोणा शंकेखोरानें तिच्यावर विश्वास ठेवला नसता तर त्याला दोष देतां आला नसता. जोगळटेंभीच्या नाण्यांनीं त्या शब्दांना साक्ष दिली. एवढेंच नव्हे. दहांपैकीं सात नाण्यांवर नवा ठसा आहे व तिघांवर नाहीं, यावरून जुनें चलन नव्या राजाच्या नांवावर करण्याचें काम चालूं असतांच हा सांठा जमिनीखालीं गेला असावा, असें अनुमान निघतें.

आतां अशी कल्पना करा कीं हा सांठा एखाद्या व्यापाऱ्याच्या हातीं पडला. तो काय करील? नहपानाचा चेहरा जेथें स्वच्छ दिसतो तीं नाणीं निवडून चढ्या भावानें विकील, आणि ज्यांच्यावर दुहेरी ठसा बसून दोन्ही राजांचा चेंदामेंदा झाला आहे तीं स्वस्तांत काढील, नाहीं तर सोनाराच्या मुशींत घालील. इतिहास होता तो नेमका या चेंदामेंदा झालेल्यांत! आणि दहांस सात हें प्रमाण तर कोणाच्याच पेटींत उरलें नसतें, कारण तें कोणा एका नाण्यावर लिहिलेलें नाहीं. तें सर्व नाणीं एका ठिकाणीं होतीं म्हणून कळलें.

या पैशाचें त्या काळचें मोलहि कळण्यासारखें आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण शेंकडा एक व्याजानें कायमचे ठेविले, आणि त्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे असें शिलेवर कोरून ठेविलें. व्याज दरमहाचें धरलें कीं वर्षाचे २४० होतात, आणि विसांस बारा दिले तरी २४०च. हिशेब चोख आहे. हा कार्षापण म्हणजे नहपानाचेंच चांदीचें नाणें असें मानलें, तर जोगळटेंभीचा सांठा अकराशें भिक्षूंच्या वस्त्रांएवढा होतो.

आतां आपल्या खिशाकडे वळूं. हौशी माणसाचें मन साहजिकच शिवछत्रपतींच्या सुवर्णहोनाकडे धांवतें. त्याचा भाव लाखांच्या घरांत आहे, आणि जेथें भाव तेथें बनावट हें ठरलेलें. पारखी नजर नसतां होनाच्या मागें लागणें म्हणजे घरदार दुसऱ्याच्या स्वाधीन करणें होय. त्यापेक्षां तांब्याची शिवराई घ्यावी. ती एखाद्या पुस्तकाच्या किमतींत मिळते. मात्र ‘महाराजांच्या हातची’ असें सांगून कोणी अधिक पैसे मागूं लागला तर हात आंखडता घ्यावा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेलीं हीं नाणीं महाराजांच्या मागेंहि पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिलीं. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर उत्तर पेशवाईंतली. पण माझ्या मतें यामुळें तिची योग्यता वाढते. सत्ता पेशव्यांच्या हातीं गेली तरी नाण्यावर नांव छत्रपतींचेंच राहिलें, ही गोष्ट ती दुदांडी तुमच्या तळहातावर ठेवते. होनांतून ती कळणार नाहीं.

म्हणून नवशिक्यानें पहिलें वर्षभर नाण्यांपेक्षां एक चांगलें पुस्तक, एक भिंग आणि एक लहान तराजू यांवर खर्च करावा. ओतीव बनावट नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रें दिसतात, कडेला सांध्याची रेघ असते आणि वजन चुकतें; हें ओळखूं येईपर्यंत पुढें जाऊं नये. अंजनेरीस नाणेशास्त्राची संशोधनसंस्था व संग्रहालय आहे, तेथें एकदां जाऊन खरीं नाणीं पाहावीं. पुढें वर्षाकाठीं, बुडाले तरी घरांत कुरकुर होणार नाहीं एवढीच रक्कम ठरवावी. नाणें चिंचेनें घासून लख्ख करूं नये. त्यावरचा काळपट थर गेला कीं जाणकाराच्या लेखीं त्याचें निम्में मोल गेलें. आणि शेतांत, पायांत धन सांपडलें तर १८७८च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील ठेव कलेक्टरास कळवावी लागते, हें विसरूं नये.

प्रत्येक नाण्याबरोबर मात्र एक चिठ्ठी असावी: कोठें मिळालें, कोणाकडून, केव्हां, किती पैसे दिले. ही संवय घरापासूनच लावतां येते. पुष्कळ घरांत देव्हाऱ्यांत लक्ष्मीपूजनाचा एखादा राणीछाप रुपया असतो. तो तेथून हलवूं नये. पण त्यावरील सन वाचावा, आणि तो घरांत कोणी आणला, कोणत्या प्रसंगीं आणला, हें आजीला विचारावें व तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. पुढच्या दिवाळीची वाट पाहूं नये.