घशातल्या चामखिळीची कुळकथा

आवाज बसला की डोंबिवलीकर एमआयडीसीच्या हवेला दोष देतो, ठाणेकर घोडबंदर रस्त्याच्या धुळीला. मग गुळण्या, ज्येष्ठमध, मौन. महिनोन्महिने घोगरेपणा हटत नाही, तेव्हा कुठे दुर्बीण घशात जाते आणि स्वरतंतूवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गुलबट गाठ दिसते. अहवाल येतो : पॅपिलोमा, म्हणजे चामखीळ, साधी गाठ. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पडावाच, कारण प्रौढांतल्या अशा बहुतेक गाठींचा कर्करोग होत नाही. पण ‘साधी’ हा निकाल काढलेल्या तुकड्यापुरता आणि त्या दिवसापुरताच असतो. या गाठीचा इतिहास तेच सांगतो.

लंडनचे घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी 1871 मध्ये स्वरयंत्रातल्या गाठींवर ग्रंथ लिहिला. 1887 मध्ये जर्मनीच्या युवराज फ्रेडरिकच्या घशातले तुकडे त्यांनीच काढले. तपासणारे होते खुद्द विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो. त्यांना त्यात कर्करोग दिसला नाही, आणि तरी 15 जून 1888 रोजी, जेमतेम 99 दिवस सम्राटपद भोगून, फ्रेडरिक स्वरयंत्राच्या कर्करोगानेच गेला. ती मुळात चामखीळ होती की नव्हती, हा वाद बाजूला ठेवू; तुकड्याची मर्यादा मात्र उघडी पडली. गाठीचे कूळ पुढे उलगडले. 1923 मध्ये उलमन या डॉक्टरने एका मुलाच्या घशातल्या गाठीचा अर्क स्वतःच्या हातात टोचून घेतला (आजची कोणतीही नैतिकता समिती हे चालू देणार नाही!) आणि तिथे चामखिळी उगवल्या. म्हणजे हा संसर्ग होता. 1980च्या दशकारंभी हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने संसर्गाला नाव दिले : एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस), प्रकार 6 आणि 11. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे 16 आणि 18 हे त्यांचेच भाऊबंद. या 16 आणि 18 च्या शोधाला 2008 चे नोबेल मिळाले.

कुणी म्हणेल, 6 आणि 11 तर सौम्य, मग काळजी कशाला? कारण विषाणू एकटा काम करत नाही. पूर्वी या गाठींना क्ष-किरणांचा शेक देत. तो घेतलेल्या काही रुग्णांना कित्येक वर्षांनंतर कर्करोग झाला. धूम्रपानही हा धोका वाढवते. अहवालात विषाणू सापडला नाही म्हणून निर्धास्त होणेही चूक, कारण प्रौढांच्या विषाणूविरहित गाठींतही कर्करोग आढळला आहे. पेशींत बिघाडाच्या खुणा दिसल्या तर लक्ष दुप्पट हवे. धुळीवरचा आरोप मी फेटाळत नाही, पण धुळीने घसा खवखवतो, चामखीळ उगवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 2023 मध्ये बाजारात आलेली लस 6, 11, 16, 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे. मात्र ती प्रतिबंधासाठी, झालेली गाठ काढायला नव्हे. तेव्हा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घसा दुर्बिणीने पाहून घ्या. पूर्वी गाठ काढली असेल, तर तो जुना अहवाल सोबत न्यायला विसरू नका.