बर्मा सागाचं कपाट आणि चपड्याचा हात

गिरगावातल्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांत जी काळपट कपाटं भंगारात काढायची म्हणून जिन्याखाली उभी असतात, त्यांतली पुष्कळशी बर्मा सागाची आहेत. 1852 मध्ये इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला. 1863 मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली आणि तिकडच्या सागाचा व्यापार जोरात सुरू झाला. याच कंपनीने ओंडके चोरून नेले असं म्हणत ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या दरबाराने 1885 मध्ये तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना युद्धाला निमित्तच हवं होतं. राज्य गेलं, थिबा कैदी होऊन रत्नागिरीला आला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. तिथला त्याचा राजवाडा बघायला जाणाऱ्यांनी आपल्या आजीच्या कपाटाचं या राजाशी असलेलं हे नातं जरूर आठवावं.

माझे वडील पॉलिशवाले होते. कपाट सुताराने घडवलं तरी ते तीन पिढ्या टिकवलं पॉलिशवाल्यांनी, असं मी ठामपणे म्हणते. नवं कपाट घेण्याची ऐपत चाळीत कुणाची होती? लग्न ठरलं किंवा दिवाळी जवळ आली, की वडिलांना बोलावणं यायचं.

त्यांचं सगळं सामान एका पिशवीत मावे: चपडा, स्पिरिट, पॉलिश पेपर, खडूची पूड, गेरू, पिवडी, कापूस आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा रस सोडतात, तो गाळून हे पापुद्रे करतात. झारखंड-छत्तीसगडची जंगलं त्याचं माहेर. एकेकाळी ग्रामोफोनच्या तबकड्याही या लाखेच्याच असत. 1924 मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेसाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली, इतकं या मालाला जगात मोल होतं.

वडील लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅमच्या आसपास चपडा रात्रभर भिजत ठेवत. सकाळी टर्पेंटाइनने कपाटावरचा मेणकट मळ पुसायचा, भेगांत खडू-गेरूचं पुटिंग भरायचं, हलका पेपर मारायचा. मग फडक्यात कापसाचा बोळा बांधून, त्याला जवसाच्या तेलाचा थेंब लावून, गोल गोल हात फिरवत राहायचं. एक हात वाळला की दुसरा. पावसाळ्यात मात्र ते काम घेत नसत, कारण दमट हवेत हे पॉलिश पांढरं पडतं.

हे काम कमी खर्चात व्हायचं, त्याचं खरं कारण चपड्याच्या गुणातच आहे. स्पिरिट लागलं की जुना थर मऊ होतो आणि नवा हात त्यात मिसळून जातो. म्हणून सगळं खरवडून काढावं लागत नाही. हल्लीच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशला ओरखडा पडला तर बहुधा अख्खी फळी घासावी लागते. चपडा गरम कपाने आणि पाण्याने डागाळतो, हे खरं. पण तो डाग काढणंही तितकंच सोपं.

या धंद्याची एक काळी बाजूही सांगायला हवी. दारूबंदीच्या काळात माणसं हे चपड्याचं पॉलिश, म्हणजेच फ्रेंच पॉलिश, पीत. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात विषारी केलेल्या स्पिरिटपासून बनणाऱ्या पदार्थांत फ्रेंच पॉलिशचं नाव घातलेलं आहे. वडील स्पिरिटची बाटली कायम कुलपात ठेवत.

पुढे सनमायका आला, घराघरांत सागावर तपकिरी ऑइलपेंट फासला गेला आणि पॉलिशवाल्यांची मुलं दुसऱ्या कामांना लागली. त्या ऑइलपेंटचा मला आजही राग येतो.

तुमच्या घरी असं कपाट असेल, तर रंगाचा डबा आणण्याआधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा जरा टेकवून बघा. जागा चिकट झाली तर तो चपडा आहे. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ दिवा-शेगडी नको, आणि एखादा जुना पॉलिशवाला शोधून त्याच्याकडूनच हात मारून घ्या.