पारपटलावरची फांदी : डोळ्यातील हर्पीस ओळखण्याचा इतिहास

डोळा लाल होणे, त्यातून पाणी गळणे, उजेड सहन न होणे आणि पापणीखाली कण अडकल्यासारखे खुपत राहणे ही लक्षणे इतक्या निरनिराळ्या विकारांत आढळतात की केवळ त्यांच्या आधारे हर्पीस विषाणूचा संसर्ग वेगळा काढणे एकोणिसाव्या शतकातील निष्णात नेत्रवैद्यांनाही जमण्यासारखे नव्हते. बहुधा एकाच डोळ्यात उद्भवणारा हा विकार साध्या डोळे येण्यात जमा होई, आणि तो वारंवार उलटून पारपटलावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, मराठीत ज्याला फूल पडणे म्हणतात तसा पांढरट डाग उरला की दृष्टी कायमची मंदावे.

झुरिच येथील नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश होर्नर यांनी १८७१ मध्ये तापाच्या रोग्यांच्या ओठांवर उठणाऱ्या पुरळाचा आणि त्याच वेळी पारपटलावर दिसणाऱ्या सूक्ष्म फोडांचा संबंध जोडला, तेव्हा या रोगाला प्रथमच स्वतंत्र ओळख मिळू लागली. हे फोड लवकर फुटत असल्यामुळे वैद्याच्या नजरेस क्वचितच पडत. मागे उरे तो व्रण, आणि तो झाडाच्या फांदीसारखा फाटे फुटत पसरलेला असे. १८८० नंतरच्या दशकात या आकारावरूनच रोगाला ‘शाखीय पारपटलदाह’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले, यावरून त्या पिढीचे निरीक्षण किती बारीक होते हे कळते, कारण विषाणू ही कल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. योगायोगाने होर्नर यांच्या निरीक्षणाच्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य तयार केले होते. पारपटलाचा वरचा थर जिथे नष्ट झालेला असतो तिथेच ते मुरते आणि निळ्या प्रकाशात हिरवे चमकते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी फांदी, तिच्या टोकांच्या फुगीर गाठींसह, स्पष्ट उमटू लागली. १९११ मध्ये आल्व्हार गुलस्ट्रँड यांनी स्लिट लॅम्प, म्हणजे प्रकाशाची अरुंद पट्टी टाकून डोळ्याचे थर तपासण्याचे साधन, पुढे आणले आणि ही तपासणी अधिक नेमकी झाली.

कारणाचा उलगडा मात्र प्रयोगशाळेतच व्हायचा होता. मारबुर्गचे व्हिल्हेल्म ग्र्यूटर यांनी रोग्याच्या पारपटलावरील द्रव्य सशाच्या डोळ्यात घालून तसाच दाह निर्माण केला. लोवेनस्टाइन यांनी १९१९ मध्ये ओठांवरील फोडांतील द्रवानेही तेच घडते असे दाखविले, आणि होर्नर यांचा तर्क प्रयोगाने पक्का झाला.

याच कुळातील दुसऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या नागिणीचा इतिहास समांतर चालतो. लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी १८६० च्या दशकात नोंदविले की कपाळावर उठलेल्या नागिणीचे फोड नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला आले तर डोळा सापडण्याचा धोका वाढतो, कारण नाकाच्या त्या भागाला आणि डोळ्याला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. हे चिन्ह आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

अचूक निदानाचे खरे मोल १९५० च्या सुमारास कळून आले. कॉर्टिसोन हे स्टेरॉइड डोळ्यांसाठी वापरात आले, लाली झपाट्याने उतरू लागली, आणि ज्या डोळ्यांत शाखीय व्रण होता तिथे विषाणूला मोकळे रान मिळून ती फांदी नकाशासारख्या रुंद व्रणात पसरू लागली. निदान न करता दिलेले औषध डोळा घालवू शकते, हा धडा रोग्यांच्या दृष्टीच्या किमतीत मिळाला, आणि शाखीय व्रण असता केवळ स्टेरॉइडचे थेंब घालण्याविरुद्धचा इशारा तेव्हापासून नेत्रचिकित्सेच्या पुस्तकांत ठामपणे आला. विषाणूवरचा उपाय १९६२ मध्ये आला : विल्यम प्रुसॉफ यांनी घडविलेले आयडॉक्सयुरिडीन हर्बर्ट कॉफमन यांनी या व्रणावर यशस्वीपणे वापरले. पुढे अॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध मिळाले.

तरीही विषाणू शरीरातून जात नाही. तो चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या गंडिकेत, म्हणजे पेशींच्या गाठीत, सुप्त राहून पुन्हा उठतो. प्रत्येक वेळी पारपटलाची संवेदना थोडी बोथट होते, म्हणूनच वैद्य कापसाचा तंतू हलकेच टेकवून दोन्ही डोळ्यांची तुलना करतात. जुन्या रोग्याला दुखणे कमी जाणवते, आणि लाली व धूसर दिसणे एवढ्यावरच त्याला रोग ओळखावा लागतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात वर्षभर तोंडाने अॅसायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी १९ टक्के जणांचा डोळ्यातील रोग उलटला, तर ते न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते.