जुन्या पिकअपचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग 61) आहे. इथल्या पिकअपला दोन तऱ्हेचे रस्ते लागतात. कल्याणकडे घाट नाही, ओतूर-आळेफाट्याकडे जायचं तर माळशेज घाट चढावा लागतो. त्यामुळे ‘माझी गाडी 12 देते’ एवढ्यावर भाडं ठरवलं, तर खिशातून पैसे जातात.

1. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल
काट्यावर विसंबू नका. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा. गाडी नेहमीसारखी चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत पुन्हा भरा. जेवढं डिझेल बसलं तेवढंच जळलं. भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच. 5 लिटरच्या हिशोबात ही चूक 10 टक्के होते, 40 लिटरमध्ये जेमतेम सव्वा टक्का. म्हणून निदान 40 लिटर जळू द्या.

2. मीटर तपासा
टायर घासला की त्याचा घेर कमी होतो. तेवढ्याच अंतरात चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. वेगळ्या साइजचे टायर टाकले असतील तर फरक आणखी वाढतो. रस्त्याकडेच्या दगडांवरून किंवा फोनच्या जीपीएसवरून 20 किमी मोजा. मीटरने 20.8 दाखवले, तर ते 4 टक्के पुढे आहे. म्हणजे मीटरचे 416 किमी प्रत्यक्षात 400. डिझेल 40 लिटर लागलं असेल तर ॲव्हरेज 10.4 नाही, 10.

3. भरलेली आणि रिकामी फेरी
समजा कल्याण 60 किमी. जाताना माल भरून 8 चं ॲव्हरेज, येताना रिकामी 12 चं. सरासरी 10? नाही! जाताना 7.5 लिटर, येताना 5, एकूण 12.5 लिटर. 120 किमीला 12.5 म्हणजे 9.6. ॲव्हरेजची सरासरी काढू नका. एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा.

4. घाटाचा हिशोब वेगळा
अडीच टनांची गाडी 100 मीटर वर चढवायला साधारण पाव लिटर डिझेल जास्तीचं लागतं. उतरताना ते सगळं परत मिळत नाही, बरंचसं ब्रेक तापवण्यात जातं. घाटाच्या फेऱ्या वहीत वेगळ्या लिहा.

मग भाडं?
वरच्या कल्याण फेरीला 12 चं ॲव्हरेज धरलं तर 10 लिटर होतात, लागतात 12.5. डिझेल ₹90 धरलं तर फेरीमागे ₹225 कमी पडले. महिन्याला 20 फेऱ्या केल्या तर ₹4,500. म्हणून भाडं सांगताना ‘किती देते’ हे नको, ‘या फेरीला किती लिटर लागतं’ हे वहीत बघा.