गडावरची खिचडी

ट्रेकला जाताना सॅकमध्ये खायला काय भरायचं, यावर आमच्या घरात तीन पिढ्यांचा वाद आहे. आई म्हणते दशम्या ने. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलेलं, त्यामुळे दोन-तीन दिवस मऊ राहतात, सोबत लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. भाचा म्हणतो मॅगी, दोन मिनिटांत काम फत्ते. (दोन मिनिटांत झालेली मॅगी मी अजून पाहिलेली नाही, पण ते असो.) मी पहिल्यापासून खिचडीवाला. दिवसभर चढून आल्यावर, अंगातला घाम गार पडत असताना, हातात वाफाळणारी ताटली आणि तिच्यावर वितळणारं तूप... यापुढे बाकी पंगती फिक्या.

ही नुसती आवड नाही, खिचडीच्या बाजूने सहा-सातशे वर्षांचे साक्षीदार आहेत. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खातात, असं लिहून ठेवलंय. तो म्हणतो, हा इथल्या लोकांचा सकाळचा नाश्ता. सतराव्या शतकात तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात हिंडत होता. त्याने खिचडीला सैनिकांचं आणि गोरगरिबांचं नेहमीचं जेवण म्हटलंय, वितळलेल्या तुपात बोटं बुडवून खायचं. आईन-ए-अकबरीतही खिचडीची कृती आहे, पण तिथे तांदूळ, मूगडाळ आणि तूप तिन्ही पाच-पाच शेर, म्हणजे समसमान! त्या मापाने गडावर करायची तर तुपासाठी वेगळं गाढव न्यावं लागेल.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आसपास चौल बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथेच अडकला. जवळ विकायला आणलेला एक घोडा. जुन्नर खडकाच्या बेटावर वसलंय, ते माणसाने नाही तर देवानेच घडवलंय, वर चढायला दिवस जातो आणि वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, असं त्याने लिहिलंय. शिवनेरी चढलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल. माझ्या मते तो गावाचं म्हणून गडाचंच वर्णन करतोय. तर या निकितिनने खिचडीची नोंद केलीय ती घोड्यांच्या खुराकात. हरभरे, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी! भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ मामा, घोड्यांचं खाणं." मी म्हटलं, अरे, घोडाच चढतो ना घाट :-)

आता शास्त्र. उंचीवर पाणी लवकर उकळतं, म्हणजे कमी तापमानाला उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, ते साधारण ९५ अंशांनाच उकळू लागतं. पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण उघड्या पातेल्यात तूरडाळ घेऊन बसलात की कळतो. ती शिजता शिजत नाही आणि सरपण मात्र संपतं. सालं काढलेली मूगडाळ तेवढ्यात मऊ होऊन जाते. एक भांडं, एक आच, जे टाकलं ते सगळं पोटात, ओतून द्यायला पेजही नाही. फौजांनी आणि फकिरांनी हे थर्मामीटर न बघताच ओळखलं होतं.

गंमत म्हणजे भाच्याची मॅगीही मूळची डाळवालीच. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या दशकात ज्युलियस मॅगीने कारखान्यात राबणाऱ्या बायकांसाठी झटपट शिजणारं वाटाण्याचं आणि घेवड्याचं पीठ काढलं. उद्देश हाच की दमून आलेल्या माणसाला थोड्या वेळात पोटभर आणि कसदार काहीतरी मिळावं. शेवया आपल्याकडे आल्या त्या १९८३ मध्ये, आणि तिथे डाळ गळाली. मग कसदार काय उरलं, ते भाच्याने सांगावं.

माझी पुडी अशी: चार माणसांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. घरीच धुऊन, फडक्यावर वाळवून, कोरडं भाजून घ्यायचं. त्यातच हळद, हिंग, जिरं, मीठ, चमचाभर गोडा मसाला आणि मूठभर शेंगदाणे. पिशवीची गाठ मारली की झालं. वर गेल्यावर कांदा-बटाटा चिरून टाकायचा, सात-आठ वाट्या पाणी ओतायचं आणि गप्पा मारत बसायचं. तूप छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, पापड निखाऱ्यावर. पातेल्याला बाहेरून चिखल थापला तर काजळी घासत बसावं लागत नाही.

पण मला खरं लिहायचंय ते निखाऱ्यांबद्दल.

शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र आहे, चिपळूणच्या बाजूला छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. शाळेत आपल्याला त्यातलं रयतेला त्रास देऊ नका एवढंच सांगतात. मोठेपणी ते सबंध वाचलं आणि थक्क झालो. अहो, ते मुक्कामाच्या स्वयंपाकाबद्दलचं पत्र आहे! पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आत्ताच उधळू नका, नाहीतर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग कुणी कुणब्याच्या घरून दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. असं होऊ लागलं तर ज्या कुणब्यांनी घर धरून जीव जगवलाय ते उठून जातील, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढे आगीचं. कुणी चुली पेटवील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, गवत पडलंय की वारा सुटलाय हे बघणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एक ठिणगी, की सगळी गंजी आणि सगळ्या पागा खलास.

राज्य चालवणाऱ्या माणसाला उंदराने पळवलेली वात दिसते, याचं मला अजून नवल वाटतं.

दहाएक वर्षांपूर्वी जुन्नरकडच्याच एका गडाखाली मी हे पत्र डोळ्यांनी पाहिलं म्हणा ना. एप्रिल महिना. पंधरा-वीस पोरांचा एक गट वर मुक्काम करणार होता, पण दमले म्हणून पायथ्याशीच थांबले. रात्री शेकोटी, गाणी, चिकन. लाकडं शेताच्या कुंपणातली. पहाटे निघताना वर थोडी माती लोटली आणि गेले. आम्ही सातच्या सुमारास पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्या बाबांच्या गवताची गंजी जळून काळी पडली होती आणि घरातल्या बायका अजून हंड्याने पाणी ओतत होत्या. आदल्या रात्री त्याच घरातून त्या पोरांना ताक गेलं होतं, त्याचे पैसेही घेतले नव्हते. बाबा रागावले नव्हते, निदान दिसत तरी नव्हते. एकच म्हणत होते, "पाऊस पडंस्तोवर बैलांना काय घालू?" एप्रिल ते जून. चिपळूणच्या पत्रातला हिशोब तोच. आम्ही वर्गणी काढून दिली, पण त्या दिवसांत विकत घ्यायला तरी गवत कुठे असतं?

तेव्हापासून मी चूल करणं जवळजवळ सोडलंय. छोटा गॅस नेतो, खिचडी त्यावर पाऊण तासात होते. जिथे गावातच जेवायची सोय आहे तिथे मुकाट्याने पिठलं-भाकरी सांगतो. राजमाचीला उधेवाडीत, हरिश्चंद्रगडाखाली पाचनईत घरोघरी जेवण मिळतं, आणि त्या चवीपुढे माझी पुडी हरते हे खिचडीवाला असूनही कबूल. मागताना भाव करू नये. डोंगरावर भाकरीमागे किती हंडे पाणी आणि किती मोळ्या वाहिलेल्या असतात, ते एकदा बघून यावं.

आणि पेटवायचीच असेल तर आडोशाला, गवत खरवडून काढून, तीन दगडांत मावेल एवढीच. माती लोटून विस्तव विझत नाही, आत धुमसत राहतो. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, राखेत हात घालता येईपर्यंत. पातेलं घासायला त्यातलीच थोडी राख घ्यावी, आणि बसावं पिण्याच्या टाक्यापासून चांगलं लांब.