लॉस ओसोस: एका गटारासाठी ३३ वर्षं

कॅलिफोर्नियात मॉरो बेच्या काठावर लॉस ओसोस नावाचं गाव आहे. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ ‘अस्वलं’. वस्ती साधारण १४ हजार. गटार बांधायचं की नाही, यावरून हे गाव इतकं भांडलं की त्याची स्थानिक संस्था दिवाळखोरीत गेली.

भांडणाचं मूळ जमिनीखाली होतं. गावात घरोघरी सेप्टिक टँक. टाकीत मैला खाली बसतो आणि वरचं पाणी जमिनीत मुरतं. घरं तुरळक असतील तर माती हे निभावून नेते. पण लॉस ओसोस वसलंय वाळूवर, लहान लहान प्लॉटांवर. मुरलेल्या पाण्यातल्या नायट्रोजनचं नायट्रेट होतं आणि ते भूजलात उतरतं. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक असतं, कारण त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. आणि गावाचं पिण्याचं पाणी येतं याच भूजलातून! वरच्या थरातलं पाणी खराब झालं म्हणून खालच्या थरातून उपसा वाढला, तर तिथे समुद्राचं खारं पाणी शिरू लागलं.

१९८३ मध्ये विभागीय जल मंडळाने सेप्टिक टँकच्या सांडपाण्यावर बंदी आणली. १९८८ पासून बंदी क्षेत्रात नवं बांधकाम थांबलं. प्लॉट घेऊन ठेवलेल्यांना घर बांधता येईना.

मग गटार का झालं नाही? विरोध करणारे सगळेच विज्ञान नाकारत होते असं नाही. त्यांचे प्रश्न साधे होते: खर्च किती, केंद्र कुठे आणि ठरवणार कोण? पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने महिन्याला मोठी रक्कम कुठून आणायची? शिवाय सगळं सांडपाणी नळातून दूर नेलं, तर जमिनीत मुरणारं पाणीही कमी होणार, हा मुद्दाही खोटा नव्हता.

काउंटीची योजना महाग वाटली म्हणून १९९८ मध्ये मतदारांनी स्वतःची स्थानिक संस्था उभी केली. स्वस्त तळ्यांच्या पद्धतीचं आश्वासन होतं. ते टिकलं नाही. नवी योजनाही महागच निघाली, वर प्रक्रिया केंद्र गावाच्या मधोमध येणार होतं. २००५ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच सप्टेंबरात मतदारांनी थोड्या मतांच्या फरकाने मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावलं. नव्या मंडळाने काम थांबवलं.

परिणाम लगेच दिसले. राज्याने कर्ज रोखलं. जल मंडळाने लाखो डॉलरचा दंड ठोकला. एवढ्यावर न थांबता, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४५ घरांना थेट बंदीच्या नोटिसा धाडल्या. आतापर्यंत हा वाद संस्थांमधला होता, आता तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. ऑगस्ट २००६ मध्ये स्थानिक संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली.

त्याच वर्षी राज्याने कायदा करून प्रकल्प काउंटीकडे दिला. २००७ मध्ये घरमालकांचं मतदान झालं. प्रत्येक घरामागे सुमारे २५ हजार डॉलरचा बोजा होता, तरी मोठ्या बहुमताने होकार आला. प्रक्रिया केंद्र गावाबाहेर गेलं. शुद्ध केलेलं पाणी शेतीला आणि पुन्हा जमिनीत मुरवायला वापरायचं ठरलं. म्हणजे विरोधकांचे दोन मुद्दे अखेर योजनेतच आले. २०१६ मध्ये घरं गटाराला जोडली जाऊ लागली.

या ३३ वर्षांत खर्च कमी झाला नाही, वाढतच गेला. ज्यांनी महागाईच्या भीतीने विरोध केला, त्यांच्याच खिशाला उशीर जास्त जड गेला. पण केवळ हट्टी गावकऱ्यांवर खापर फोडणंही बरोबर नाही. केंद्र कुठे हवं आणि गरिबांचं बिल कोण भरणार, हे १९८३ मध्येच लोकांसोबत बसून ठरवलं असतं, तर कदाचित दिवाळखोरी टळली असती. कारण आपल्या घरातलं पाणी शेजाऱ्याच्या पेल्यात पोहोचतंय हे सिद्ध करायला प्रयोगशाळा पुरते. ते थांबवायचे पैसे कोणी किती द्यायचे, हे मात्र माणसांनाच एकत्र बसून ठरवावं लागतं.